मुलाची पहिली जर्मनीत की परत नागपूर? सप्टेंबरात शाळा सुरू होते आहे, अनुभव सांगा

संत्रानगरी:
नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून नुसती वाचून राहिली, लिहायची ही पहिलीच वेळ. आम्ही नागपूरचे, माहेर महाल भागात, सासर प्रतापनगरला. चार वर्षं झाली कार्ल्सरूहेला आहोत. मुलगा मे महिन्यात सहा पूर्ण करेल, म्हणजे या सप्टेंबरात पहिली. मागच्या आठवड्यात घराजवळच्या सरकारी प्राथमिक शाळेत, म्हणजे ग्रुंडशूलेत, नाव नोंदवून आलो आणि तेव्हापासून झोप उडाली आहे.

शाळा चांगली आहे, फी नाही, चालत सात मिनिटं. पण सगळं जर्मनमध्ये. इंग्रजी माध्यमाची इंटरनॅशनल शाळा आहे, पण तिथली फी वर्षाला पाच आकडी युरो आणि सकाळी ट्रामने चाळीस मिनिटं. आता गोष्ट अशी आहे की दोन-तीन वर्षांत परत यायचं मनात आहे, पक्कं काहीच नाही, पण सासरे दर रविवारी फोनवर विचारतात की जर्मनमध्ये दुसरी करून पोरगं इथे तिसरीत आलं तर त्याचं काय होईल, आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

आणि एक गोष्ट जास्त लागली. किंडरगार्टनच्या बाई म्हणाल्या की मुलगा छान आहे पण जर्मन बोलताना अडतो, शाळेआधी घरीही थोडं जर्मन बोलत जा. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण मी घरी येऊन रडली. आमचं पोरगं घरात अस्सल नागपुरी बोलतं, 'आई, बाहेर बम पाऊस येऊन राहिला' असं. ते बंद करायचं का? ज्यांनी हे केलं आहे त्यांनी खरंखरं सांगा.

इतवारी:
वाचतो आहे. आमची पोरगी अजून तीन वर्षांची आहे पण हाच प्रश्न दारात उभा आहे.

धरमपेठची_लेक:
अगं मी स्टुटगार्टला, म्हणजे तुझ्या शेजारचीच की! माझी लेक आता तिसरीत आहे, सरकारी शाळेतच. सगळ्यात आधी हे ऐक, मराठी अजिबात बंद करू नको. आम्हालाही असंच सांगितलं होतं. मी मग मुलांच्या डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्हाला जी भाषा सगळ्यात चांगली येते तीच मुलाशी बोला, मोडकंतोडकं जर्मन तुमच्याकडून शिकण्यापेक्षा ते शाळेत नीट शिकेल. मला एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू.

पहिले चार महिने कठीण गेले हे खरं. लेक मधल्या सुट्टीत एकटी झाडाखाली उभी राहायची, मी एकदा जाळीच्या बाहेरून पाहिलं आणि तशीच घरी आली. जानेवारीत एका तुर्की मुलीशी गट्टी जमली. दोघींचं जर्मन सारखंच कच्चं, त्यामुळे कोणी कोणाला हसायचं नाही. ईस्टरच्या सुट्टीपर्यंत ती माझं जर्मन सुधारायला लागली, 'आई, डेर नाही, दास म्हणायचं' असं. तुमच्या गावातल्या शाळांमध्ये जर्मन शिकवायचे जादा तास असतील, नोंदणी करतानाच विचारून ठेव, नंतर जागा भरतात.

लेस्टरची_काकू:
इंग्लंडमध्ये तर चौथं संपलं की रिसेप्शनमध्ये, म्हणजे शाळेच्या पहिल्याच वर्गात घालतात, सहा म्हणजे तुमच्याकडे बरंच उशिरा आहे गं, ते चांगलंच. माझा धाकटा २९ ऑगस्टचा, इथे ३१ ऑगस्टची रेघ, म्हणजे वर्गात सगळ्यात लहान. युनिफॉर्मच्या पँटचं बटण लावता येत नव्हतं त्याला! १५ जानेवारीपर्यंत अर्ज भरायचा आणि १६ एप्रिलला कळतं कोणती शाळा मिळाली, ते तीन महिने मी देवापुढे दिवा लावून काढले. एक गंमत सांगते, इथे एबीसीडीची नावं आधी शिकवत नाहीत, अक्षराचा आवाज शिकवतात. आमच्या सासूबाई म्हणाल्या, अगं ही तर आपली बाराखडीच झाली. मग त्यांनी पाटीवर क, का, कि, की सुरू केलं आणि पोराला दोन्ही एकदमच जमलं.

स्पष्ट_बोलतो:
कोणाला राग आला तरी चालेल. परत यायचंच आहे तर आत्ताच या ना. पहिलीत येणं सोपं, तिसरीत येणं कठीण, सातवीत तर अशक्य. माझ्या सख्ख्या भावाने 'अजून दोन वर्षं' करत करत चौदा काढली. आता पोरं तिकडची झाली, आई इथे एकटी आहे. मुलाची शाळा सुरू झाली की पाय रोवले जातात, हे लक्षात ठेवा.

संत्रानगरी:
@स्पष्ट_बोलतो, राग नाही आला दादा. हीच भीती आहे. नवऱ्याला हे वाचून दाखवलं, तो बराच वेळ काही बोलला नाही.
@धरमपेठची_लेक, झाडाखालचं वाचून पोटात कालवलं.

परत_आलो:
आम्ही परत आलो आहोत म्हणून लिहितो. सहा वर्षं म्युनिकजवळ होतो, पोट्टा तिकडे दुसरी करून आला, इथे तिसरीत घातला. @स्पष्ट_बोलतो यांचं अर्धं बरोबर आहे, सोपं नव्हतं. पण जर्मन शाळेमुळे अडलं असं नाही. गणितात पुढेच होता. अडलं कुठे ते सांगतो. इंग्रजी स्पेलिंग शून्य, कारण जर्मनमध्ये बोललं तसं लिहितात. वर्गात चाळीस मुलं आहेत, तिकडे बावीस होती, आवाजाने डोकं दुखायचं त्याचं. आणि शिक्षक आत आले की उभं राहायचं हे त्याला माहीतच नव्हतं, पहिल्या दिवशी एकटाच बसून राहिला, मॅडमना वाटलं उद्धट आहे. मी जाऊन समजावून सांगितलं तर हसल्या आणि त्याला मॉनिटर केलं.

मराठीचं म्हणाल तर २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, सीबीएसई असो की काही. म्हणजे परत येणार असाल तर घरच्या मराठीला दुप्पट किंमत आहे. आमच्या पोट्ट्याला बोलता फाडफाड यायचं, वाचता येत नव्हतं. ती चूक आमची. रोज दहा मिनिटं देवनागरी वाचून घ्या, बाकी काही नाही केलं तरी चालेल.

एप्रिलच्या उन्हात मात्र पोरगं हैराण झालं. नागपूरचे पंचेचाळीस डिग्री त्याला पुस्तकात वाचून समजणारे नव्हते. कूलरसमोरून हलायचं नाही. आता डोक्याला दुपट्टा बांधून क्रिकेट खेळतो.

जर्सीकर:
अमेरिकेतलं सांगते, कारण ही चूक खूप जण करतात. इथे किंडरगार्टनमध्ये नाव घालताना घरच्या भाषेचा फॉर्म असतो, मूल पहिली भाषा कोणती शिकलं, घरी कोणती बोलता वगैरे. भीतीपोटी लोक 'इंग्रजी' लिहितात, की मराठी लिहिलं तर वेगळ्या वर्गात बसवतील. आम्हीही तेच केलं. पोराला वर्गात कळायचं नाही आणि मदतही मिळायची नाही, कारण कागदावर त्याची भाषा इंग्रजी! दुसऱ्या मुलाच्या वेळी सरळ मराठी लिहिलं, त्याची चाचणी झाली, वर्षभर रोज अर्धा तास वेगळ्या शिक्षिका मिळाल्या. खरं लिहा, लपवू नका.

रविवारी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत नेतो. सुरुवातीला रडायचे, आता समोश्यासाठी का होईना जातात.

कोराडीकर:
मी सहसा लिहीत नाही. मेलबर्नला आहे. आमचा मोठा प्रेपला, म्हणजे इथल्या शाळेच्या पहिल्या वर्षाला जाणार होता तेव्हा आम्हालाही कोणीतरी असंच सांगितलं, घरी इंग्रजी बोला. आम्ही ऐकलं. अगदी मनापासून ऐकलं, जेवताना, झोपताना, रागवताना सुद्धा इंग्रजी. सहा महिन्यांत पोरगा इंग्रजी बोलायला लागला, सगळ्यांनी कौतुक केलं.

तो आता बारा वर्षांचा आहे. मागच्या दिवाळीत नागपूरला गेलो, आईला ऐकू कमी येतं, इंग्रजी येत नाही. तिने त्याला जवळ बसवलं, डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली 'काय रे बाप्पू, शाळेत कोणता विषय आवडते तुले?' तो माझ्याकडे पाहायला लागला. मी भाषांतर केलं. त्याने उत्तर दिलं, मी परत भाषांतर केलं. दहा मिनिटांनी आई म्हणाली, राहू दे, दमला असेल. आणि स्वयंपाकघरात गेली.

संत्रानगरी ताई, बंद करू नका. एवढंच.

आबाजी_बजाजनगर:
कोराडीकर, मुलगा बारा वर्षांचाच आहे. अजून वेळ गेलेली नाही, रोज आजीला फोन लावून द्या, दोन वाक्यं का होईना.

मी निवृत्त माणूस, नात जर्मनीत हॅनोव्हरला. उन्हाळ्यात तिच्याकडे पाच वाजतात तेव्हा इथे साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. जेवण आटोपून मी चिंचोके घेऊन मोबाइलसमोर बसतो. दुसरीत असताना तिची मोठी अडचण झाली होती, बेचाळीस सांगितलं की २४ लिहायची. बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली. मुलगा काळजीत पडला. मी तिला विचारलं, जर्मनमध्ये बेचाळीस कसं म्हणतात? म्हणाली, त्स्वाय उंड फिर्त्सिश, म्हणजे दोन आणि चाळीस. म्हटलं वेडाबाई, मग हे तर आपल्यासारखंच आहे की! बे-चाळीस. आधी दोन ऐकू येतो, पण मागे उभा राहतो. मी चिंचोक्यांचे दहा-दहाचे चार ढीग केले, दोन सुटे बाजूला ठेवले. म्हटलं, जे तोंडात आधी येते ते पाटीवर नंतर बसते. तेवढं पकडलं तिने. पंधरा दिवस रोज त्रेपन्न, चौसष्ट, सत्त्याहत्तर केलं. आता मला म्हणते, आबाजी, इंग्रजीवाले उलटं बोलतात.

पाटीपेन्सिल:
आबाजी, काय सुंदर सांगितलंत! मी इथेच जिल्हा परिषद शाळेत अठरा वर्षं पहिली-दुसरीला शिकवते, आमच्याही मुलांचा हाच घोळ होतो. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा किती गदारोळ झाला होता, आठवत असेल. कारण हेच होतं, जोडाक्षरं आणि उलटा क्रम. माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे, की मुलांना एकवीस-बावीस जमतं, फक्त चिंचोके हातात द्यायचा वेळ शिक्षकाला मिळाला पाहिजे. तुमची नात जर्मन आणि मराठी दोन्हीत एकाच क्रमाने मोजते, हा तिचा फायदा आहे. संत्रानगरी, तुमच्याही मुलाचा होणार.

डच_वऱ्हाडी:
अवांतर: नेदरलँड्समध्ये चौथा वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवसापासून शाळा. मग तो नोव्हेंबर असो की मार्च, वर्ग मध्येच सुरू. आमच्या पोराने वाढदिवसाच्या केकचं क्रीम नाकाला लागलेलं असतानाच शाळा सुरू केली. आणि बुधवारी बऱ्याच शाळा दुपारी घरी पाठवतात, त्यामुळे बुधवार हा आमचा वरण-भात-भाजीचा गरम जेवणाचा दिवस. बाकी दिवस ब्रेडवर चॉकलेटचे दाणे.

इतवारी:
डब्यात काय देता सगळे? हा खरा प्रश्न आहे.

लेस्टरची_काकू:
पराठ्याची गुंडाळी. लसणाची चटणी सोडून सगळं चालतं.

धरमपेठची_लेक:
पहिल्या वर्षी नुसतं ब्रेड-चीज मागायची, पोळी नको म्हणायची कारण कोणीतरी 'हे काय' विचारलं. मी जबरदस्ती नाही केली. दुसरीत वर्गातल्या सणाला तर्री पोहे नेले, तर्री वेगळ्या डब्यात आणि तिखट अगदी नावाला. बाईंनी दोनदा घेतले. त्यानंतर पोळीही जायला लागली.

आणि आता मुख्य सांगायचं राहिलंच. जर्मनीत पहिलीच्या पहिल्या दिवशी मुलाच्या हातात जवळजवळ त्याच्याच उंचीचा कागदी कोन देतात, शुलट्यूटे म्हणतात, आत खाऊ, पेन्सिली, खेळणी. तुला माहीत असेलच. २०२३ ला अधिक श्रावण होता म्हणून पोळा १४ सप्टेंबरला आला, आणि लेकीची शाळा त्याच आठवड्यात. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा पोळा! आम्ही नागपूरच्या इतवारीतून आणलेला लाकडी बैल सजवला, चाकांना तेल दिलं, आमच्याच बिल्डिंगमध्ये मजल्या-मजल्यावर नेला. खालच्या मजल्यावरच्या ऐंशी वर्षांच्या आजींना मी समजावलं की बैल दारात आला की पोरांना बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे द्यायचे असतात. त्या आत गेल्या, दोन युरो आणि एक चॉकलेट आणलं, आणि म्हणाल्या, म्हणजे हे तुमचं शुलट्यूटेच की. लेक घरभर सांगत होती, जर्मन आजीने बोजारा दिला.

त्यानंतर आठच दिवसांनी, २३ सप्टेंबरला पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला. आईबाबा अंबाझरी लेआऊटला राहतात. तळमजल्यात छातीएवढं पाणी, फोन लागत नाही, मी इथे रात्रभर नुसती मोबाइल घेऊन बसली. सकाळी शेजारच्या पोट्ट्यांनी त्यांना वर नेल्याचं कळलं. त्या दिवशी लेकीला शाळेचा पहिला गृहपाठ होता, मला तिच्याकडे बघायचं भान नव्हतं. तिने स्वतःच वहीत नाव काढलं, नाव म्हणजे होडी, त्यात आजी-आजोबा बसवले. ते चित्र आईने नंतर फ्रीजवर लावलं. बाहेर राहणं म्हणजे काय ते त्या आठवड्यात कळलं मला.

स्पष्ट_बोलतो:
हे वाचून काय लिहावं कळत नाही. तो पूर मीही पाहिला आहे. काळजी घ्या ताई.

परत_आलो:
आणखी एक, जर्मनीत शाळा सुरू झाली की सुट्टीशिवाय मूल काढता येत नाही, कायद्याने सक्ती आहे. भारतासारखं 'मामाचं लग्न आहे, चार दिवस येणार नाही' चालत नाही. फेब्रुवारीतल्या बहिणीच्या लग्नासाठी आम्ही मुख्याध्यापकांना दीड महिना आधी लेखी अर्ज दिला, लग्नपत्रिका जर्मन भाषांतरासह जोडली, तरी तीनच दिवसांची परवानगी. शेवटी मी आणि पोट्टा थांबलो, बायको एकटी गेली. हळद आम्ही व्हिडिओवर पाहिली. याची मनाची तयारी ठेवा.

आणि आजी-आजोबांचा शेंगेन व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसच, तेव्हा त्यांना मे-जूनमध्ये बोलावू नका, ऑगस्टच्या मध्याला बोलवा म्हणजे शाळेचा पहिला दिवस पदरात पडेल.

दुबईत_चार_जण:
आमच्याकडे हा प्रश्नच नाही, भारतीय शाळा, सीबीएसई, एप्रिलपासून सुरू, अरबी मात्र शिकावं लागतं. तरीही मराठी तितकीच निसटते, कारण सगळे हिंदी-इंग्रजी बोलतात. म्हणजे माध्यम कोणतंही असो, घरचं काम घरीच करावं लागते. इंटरनॅशनल शाळेने ते होणार नाही, तेव्हा एवढे पैसे त्यासाठी घालवू नका.

संत्रानगरी:
सगळ्यांना एकेक करून लिहायचं होतं, पण जमलं नाही. कोराडीकर, तुमचं उत्तर मी तीनदा वाचलं. आम्ही सरकारी शाळाच नक्की केली. घरी मराठीच. रोज रात्री दहा मिनिटं वाचन सुरू केलं, सध्या 'घर, नळ, कमळ' चालू आहे. सासू-सासऱ्यांचं तिकीट ऑगस्टचं काढलं. बाकी परत कधी जायचं ते अजून ठरलं नाही, ते काही एका धाग्यात ठरणार नाही.

आबाजी_बजाजनगर:
यंदा अधिक ज्येष्ठ आहे, पोळा पुन्हा सप्टेंबरातच येतो. सासऱ्यांना बैल आणायला सांगा.

संत्रानगरी:
सहा महिन्यांनी धागा वर काढते आहे. काल पहिला दिवस झाला!

शुलट्यूटे किंडरगार्टनमध्ये बसून आईबाबांनीच करायची होती. कागद निळा, पण वरचं तोंड बांधायला सासूबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याचा काठ उसवून दिला, लाल-हिरवा, जरीचा. आत रंगपेन्सिली, अंधारात चमकणारे बिल्ले, चॉकलेटं, चिवडा, डबीत संत्रा बर्फी, आणि सगळ्यात वर सासऱ्यांनी आणलेला बैल. तो मावेना, शिंगं बाहेर. शाळेच्या हॉलमध्ये दुसरीच्या मुलांनी गाणं म्हटलं, मग बाईंनी एकेकाचं नाव पुकारलं. आमचं नाव आलं तेव्हा माझा हात सोडला त्याने आणि गेला, मागे वळून पाहिलंच नाही. पायऱ्या चढताना कोन वाकडा झाला, बैल घसरून खाली पडला, ठण्ण आवाज. सगळा हॉल शांत. बाईंनी वाकून उचलला, विचारलं हे काय. तर मोठ्याने म्हणतो, 'दास इस्ट माइन बैल. आउस नागपूर.' म्हणजे हा माझा बैल, नागपूरचा.

सासरे माझ्या बाजूलाच उभे होते, त्यांनी चष्मा काढून पुसला. तासभर आम्ही अंगणात कॉफी पीत थांबलो. बाहेर आला तर म्हणतो भूक लागली, आणि उद्याही यायचं आहे का.

धरमपेठची_लेक:
माय वं! शाबास रे बाळा.

कोराडीकर:
खूप आनंद झाला. आमच्याकडे रोज संध्याकाळी आईला फोन सुरू आहे. मागच्या आठवड्यात पोराने स्वतःहून विचारलं, 'आजी, जेवली का?'

आबाजी_बजाजनगर:
बैलाचं चाक तर नाही ना निघालं? निघालं असेल तर खिळा ठोकू नका, लाकूड फाटते. बारीक सुतळी गुंडाळून घट्ट बसवा.